मदत हवी आहे: गॅस ग्रिलवर स्मोकिंग जमत नाहीये, वेगळा स्मोकरच घ्यावा का?

गच्चीवरचा
झाकणाचं गॅस ग्रिल आहे. १२० अंशांच्या (सेल्सिअस) आसपास धरून पाच-सहा तास स्मोक करायचंय, म्हणजे मंद आचेवर लाकडाच्या धुरात मांस शिजवायचंय, पण काही केल्या १७० च्या खाली येत नाही. धूर पहिली वीस मिनिटं भसाभसा येतो, मग गायब. वरून कडवट, आतून कोरडं. रविवारी बारा माणसं जेवायला आहेत. स्मोकर घ्यावा का, आणि नाशिकमध्ये काय मिळेल, एवढंच सांगा. ‘आधी सर्च करा’ छाप प्रतिसाद नकोत.

निफाडी
काय शिजवताय? किती किलो? बर्नर किती आणि त्यातले पेटते किती? लाकूड कुठलं? थर्मामीटर झाकणावरचा की जाळीवरचा? हे कळल्याशिवाय सांगणार काय, कपाळ?

गच्चीवरचा
मटणच हो, अजून काय. अख्खं रान (मागची मांडी), सव्वादोन किलो. बर्नर तीन. मधला बंद, कडेचे दोन्ही मंद. आंब्याच्या लाकडाच्या चिप्स (ढलप्या), रात्रभर भिजवून. थर्मामीटर झाकणातच आलाय तो.

पाट्यावरवंट्यावर
एवढा खटाटोप कशाला? मटण कुकरला शिजवून घ्या, पातेल्यात मधोमध वाटी, वाटीत लालबुंद निखारा, त्यावर चमचाभर तूप आणि दोन लवंगा. झाकण लावून दहा मिनिटं. मस्त धुरी बसते.

गच्चीवरचा
ताई, धुरी द्यायला येते मला. प्रश्न तो नाहीये.

अंबड_फॅब
गॅसचा नाद सोडा. २०० लिटरचा लोखंडी ड्रम घ्या. तळापासून दोन इंचांवर हवेसाठी पाऊण इंची तीन निपल (पाइपाचे आखूड तुकडे), त्यातल्या एकावर बॉल व्हॉल्व्ह (हवा कमी-जास्त करायची तोटी), दोनांवर टोप्या. आत कोळशाची जाळीदार बादली, तिच्यापासून दोन फुटांवर मांसाची जाळी. झाकणाला दोन इंची धुराडं. बादलीभर कोळशावर आठ-दहा तास निवांत चालतो. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत कुठलाही फॅब्रिकेटर दोन दिवसांत करून देईल. फक्त ड्रम केमिकलचा नको, खाद्यतेलाचा घ्या. आतला रंग किंवा लायनिंग असेल तर लाकडं पेटवून पार जाळून काढायचं, मग घासायचं. जाळी स्टेनलेसचीच. जस्त चढवलेली जाळी तापली की तिचा धूर विषारी असतो.

निफाडी
ड्रम उत्तम, पण रविवारपर्यंत तो बनवायचा, जाळायचा आणि त्याची हवा कमी-जास्त करण्यावर हात बसवायचा, हे होणार नाही. पाच-सहा तासांच्या कामाला गॅस पुरतो. मांडणी बदला.

दोन्ही कडांना जाळ आणि मधे मांस, ही मांडणी भाजायला ठीक. स्मोकिंगला एकाच कडेचा एक बर्नर, तोही सगळ्यात मंद, आणि मांस पार दुसऱ्या टोकाला, हाडाची जाड बाजू जाळाकडे. पेटत्या बर्नरच्या वरच्या जाळीवर पसरट ट्रे ठेवून त्यात दीड-दोन लिटर उकळतं पाणी. तासाला एक लिटर पाण्याची वाफ झाली तर साधारण ०.६ किलोवॅट उष्णता त्यातच जाते. तापमान खाली ओढायला ही फार मोठी मदत. ट्रे कोरडा पडला की काटा पुन्हा वर.

झाकणावरचा थर्मामीटर घुमटातली गरम हवा मोजतो, मांसाजवळची नाही. प्रोबवाला (वायरीच्या टोकाला सुई असलेला) डिजिटल घ्या आणि जाळीच्या उंचीला, मांसापासून दोन इंचांवर लावा. उकळत्या पाण्यात बुडवून तपासा. नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास, म्हणून इथे ९८ दाखवला तर तो बरोबर आहे.

आणि चिप्स भिजवू नका.

कोळसेवाला
भिजवायच्या नाहीत? मग दहा मिनिटांत भडकून राख होतात की.

निफाडी
भडकतात त्या हवेमुळे. भिजवून पाणी जेमतेम वरच्या थरात मुरतं. आधी नुसती वाफ निघते, ती संपली की अर्धवट जळणाऱ्या लाकडाचा दाट पांढरा धूर येतो. कडवटपणा तिथूनच येतो. धूर पातळ, निळसर हवा, झाकणाच्या फटीतून जेमतेम दिसेल इतका. कोरड्या चिप्स दोन मुठी, जाड फॉइलची पुडी, वर काडेपेटीच्या काडीने पाच-सहा भोकं, आणि पुडी थेट बर्नरवरच्या पत्र्यावर, जाळीखाली. अशी पुडी अर्धा-पाऊण तास जाते. चार पुड्या आधीच बांधून ठेवा. पहिल्या अडीच-तीन तासांनंतर धूर दिला नाही तरी चालतं.

कोळसेवाला
ग्रिलच्या मागे जी लांब फट असते, सगळा धूर तिथून पळतो. ती फॉइलने ठासून बंद करा, धूर टिकेल.

पाइपफिटर_नारो
असलं काही करू नका!! ती फट जळालेला वायू बाहेर जायला ठेवलेली असते. बंद केली की जाळाला हवा पुरत नाही, बर्नर विझतो आणि गॅस येतच राहतो. एलपीजी हवेपेक्षा जड, ग्रिलच्या तळाशी आणि गच्चीच्या कोपऱ्यात साचतो. फार तर मांसाच्या बाजूची एक तृतीयांश फट झाका. खालच्या झरोक्यांना हात लावायचा नाही. धागाकर्ते, सिलिंडर कुठला आणि रेग्युलेटर कुठला?

गच्चीवरचा
रेग्युलेटरचा काय संबंध? १९ किलोचा कमर्शिअल सिलिंडर आहे, त्यावरचा चावीवाला. भाचा केटरिंग करतो, त्याच्याकडचा.

पाइपफिटर_नारो
तोच संबंध. तो हॉटेलच्या भट्टीचा जास्त दाबाचा रेग्युलेटर. घरगुती उपकरणाला ३० मिलिबार लागतात, हा त्याच्या कितीतरी पट देतो. मग नॉब ‘मंद’वर असला तरी जाळ मोठाच. १७० च्या खाली येणार कसा? शिवाय ग्रिलचे नॉब आणि नळी त्या दाबाची नसतात. आजच काढा. साधा ३० मिलिबारचा क्लिप-ऑन रेग्युलेटर आणि आयएसआय शिक्क्याची नवी नारिंगी सुरक्षा नळी लावा. जोडावर साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडा आला तर पेटवायचं नाही.

आणि चावी अर्धवट फिरवून दाब कमी करायचा उपद्व्याप नको. गॅसचा वेग घटला की जाळ मागे सरकून बर्नरच्या नळीत, जेटजवळ (गॅस सुटतो त्या बारीक छिद्राजवळ) पेटतो.

अंबड_फॅब
म्हणूनच म्हटलं, कोळसा.

द्राक्षवेल
आंब्याचं लाकूड कशाला, नाशकात राहून? एप्रिलच्या खरड छाटणीनंतर द्राक्षाच्या काड्या बांधावर ढिगाने पडलेल्या असतात. धूर गोडसर, मटणाला झकास.

निफाडी
काड्या अजिबात नकोत. हंगामभर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण), गंधक, बुरशीनाशकांच्या फवारण्या सोसलेल्या असतात. ऑक्टोबरच्या गोड्या छाटणीनंतर तर काडीवरचे डोळे (कोंब) फुटायला हायड्रोजन सायनामाइड हे विषारी रसायन लावतात. बाग उपटली की जुनी खोडं निघतात, ती घ्या. साल तासून काढा, सहा महिने वाळवा. तोवर आंबा किंवा पेरू. निलगिरी, कडुनिंब, प्लायवूडचा भुसा, बॉयलरच्या पेलेट, यातलं काहीच नको.

पाट्यावरवंट्यावर
पपई लावली का मटणाला? कच्च्या पपईने लोण्यासारखं होतं.

निफाडी
पाच तासांच्या शिजण्याला पपई लावलीत तर वरचा थर पिठूळ होईल. रात्री किलोला १५ ग्रॅम मीठ चोळून फ्रिजमध्ये उघडं ठेवा, बस. दह्याचा जाड लेपही नको, धूर लेपालाच लागतो.

आणि रान बदला. बोकडाच्या रानात चरबी नाही, ते कोरडं पडणारच. खाटकाकडून हाडासकट दोन खांदे आणि मान घ्या. आतलं तापमान ६५-७० ला आलं की काटा तास-दीड तास हलत नाही, कारण पृष्ठभागावरचं पाणी उडून मांस थंड करत राहतं. तेव्हा जाळ वाढवायचा नाही. फॉइलमध्ये पाव वाटी रश्शासकट घट्ट गुंडाळा आणि ९० ते ९३ पर्यंत जाऊ द्या. मग टॉवेलमध्ये बांधून तासभर डब्यात. बारा जणांना हाडासकट साडेचार-पाच किलो धरा, जाळीवर मावतात का ते आधी बघा.

गच्चीवरचा
रेग्युलेटर बदलला. एकच बर्नर, पाण्याचा ट्रे. रिकाम्या ग्रिलवर जाळीजवळ ११४ ते १२६ फिरतंय. स्मोकर तूर्तास कॅन्सल. भाचा म्हणतो त्याच जाळीवर चिकनही टाकू. चालेल?

कोळसेवाला
चालेल की, काय होतंय.

निफाडी
१२० ला कातडी रबरासारखी होते. मटण निघाल्यावर दुसरा बर्नर पेटवा, १६० करा, बिनकातडीचे लेग टाका, आत किमान ७४. आणि कच्चं चिकन मटणाच्या वरच्या रॅकवर ठेवू नका, पाणी खाली टपकतं.

अंबड_फॅब
ड्रमची साइझ सांगून ठेवा, दिवाळीपर्यंत करून ठेवतो.