भाषेने पाकिस्तान फोडला, हे अर्धसत्य आहे

जुना वकील

'धर्मावर राष्ट्र उभे राहत नाही, हे बंगाली मुसलमानांनी 1952 मध्येच दाखवून दिले', अशा अर्थाची एक पोस्ट सध्या फिरते आहे आणि तिच्याखाली माना डोलावणाऱ्यांची रांग लागली आहे. मार्च 1948 मध्ये ढाक्यात जीनांनी राज्यभाषा उर्दूच होईल असे बजावले आणि त्यातून 1952 च्या भाषा आंदोलनाचा भडका उडाला, हे कोण नाकारतो? परंतु 1956 च्या राज्यघटनेने बंगालीला उर्दूच्या बरोबरीचे स्थान दिल्यानंतरही 1971 टळले नाही. फुटून निघालेल्या बांगलादेशाने पाकिस्तानी लष्करशहा अयूब खानांचा 1961 चा मुस्लिम कुटुंब कायदा मात्र जपून ठेवला. वारसा कोणाला मिळेल आणि तलाक कधी लागू होईल हे ठरवणारा कायदाच मुस्लिम ओळख घडवतो. भाषेचे श्रेय आपण भावनेच्या भरात वाढवून ठेवले आहे.

तिरकस

वकिलांना सगळीकडे कायदाच दिसावा, यात नवल नाही. बंगालीला ते स्थान 1952 मध्ये ढाक्यात विद्यार्थ्यांचे रक्त सांडल्यावर मिळाले. फेब्रुवारी 1948 मध्ये पूर्व बंगालचे सदस्य धीरेंद्रनाथ दत्त यांनी कराचीच्या संविधान सभेत बंगालीच्या वापराची मुभा मागितली, तेव्हा मुस्लिम राष्ट्राची भाषा उर्दूच, असे सांगून पंतप्रधान लियाकत अली खानांनी ती मागणी मोडीत काढली. दत्त हिंदू होते, ही गोष्ट तेव्हा कोणाच्याही नजरेतून सुटली नाही आणि 1971 मध्ये लष्कराने त्यांना कोमिल्लातल्या घरातून उचलून नेले तेव्हाही सुटली नसावी. बंगाली अरबी लिपीत लिहवून घेण्याचा खटाटोप आपण सोयीस्करपणे विसरलात.

खाडीपलीकडची

दोघांचेही पाठांतर उत्तम आहे, परंतु कायद्याने ज्यांची ओळख घडली म्हणता त्यांत बायका कुठे आहेत? आम्ही कोकणी मुसलमान. घरात कोकणी, शाळेत उर्दू आणि कचेरीत मराठी अशा तीन भाषांत वाढलो, त्यामुळे भाषेचे भांडण मला परके नाही. मात्र माझ्या आत्यांनी बागायतीतला हिस्सा हक्कसोडपत्रावर सही करून भावांना दिला, तेव्हा कोणत्याही भाषेतला शरियत त्यांच्या मदतीला आला नाही. 1847 मध्ये मुंबईच्या न्यायालयात खोजा आणि मेमन या मुस्लिम व्यापारी जमातींतल्या मुलींनी कुराणाप्रमाणे वाटा मागितला होता. न्यायमूर्ती पेरी यांनी जमातीची रूढी श्रेष्ठ ठरवून तो नाकारला. नव्वद वर्षांनी 1937 चा शरियत कायदा आला तोही शेतजमीन वगळून. पंजाबी जमीनदारांना दुखवायचे नव्हते, हे उघड आहे.

जुना वकील

उघड काहीही नाही. 1935 च्या भारत सरकार कायद्याने शेतजमीन हा प्रांतांचा विषय केलेला होता आणि मध्यवर्ती विधिमंडळाला त्यात हात घालता येत नव्हता. पाकिस्तान झाल्याबरोबर, 1948 मध्येच, पश्चिम पंजाबने शेतजमिनीलाही शरियत लागू केला. रूढी हटवून सर्व मुसलमानांना एका कायद्याखाली आणणे, हेच तर राष्ट्र घडवणे होय. आपल्या आत्यांविषयी आदर आहे, पण त्यांची सही हा पुरावा होत नाही.

खाडीपलीकडची

सही हा पुरावा होत नाही, हे वकिलाने म्हणावे! पंजाबात आजही बहिणी आपला वाटा भावांच्या नावे सोडतात, कारण हिस्सा मागणाऱ्या मुलीला माहेर तुटते. 1937 च्या वेळी दत्तक आणि मृत्युपत्र या बाबी ऐच्छिक ठेवा, असा आग्रह स्वतः खोजा असलेल्या जीनांनीच धरला होता. म्हणजे एकच कायदा सर्वांना, आणि नेत्याच्या जमातीला सवलत. माझ्या घरातल्या गोष्टीला पुन्हा असे झटकलेत, तर मी आपल्याशी बोलणार नाही.

तिरकस

बाईंनी माझे काम हलके केले. वकीलसाहेब, कायद्याने ओळख घडते हे आपल्या समाधानासाठी मान्य करून टाकतो, परंतु मग पूर्ण हिशेब मांडा. अहमदिया पंथाविरुद्ध झालेल्या 1953 च्या लाहोर दंगलींची चौकशी करणाऱ्या मुनीर आयोगाने उलेमांना, म्हणजे धर्मपंडितांना, मुसलमानाची व्याख्या विचारली, तेव्हा त्यांच्यातल्या कोणत्याही दोघांचे एकमत झाले नाही. जे उलेमांना जमले नाही ते 1974 मध्ये भुट्टोंच्या संसदेने घटनादुरुस्तीने उरकले आणि अहमदियांना मुसलमानांतून वगळले. 1947 मध्ये पंजाब सीमा आयोगापुढे मुस्लिम लीगची बाजू मांडणारे झफरुल्ला खान अहमदिया होते आणि देशाचे पहिले परराष्ट्रमंत्रीही तेच. 1974 मध्ये ते हयात होते.

जुना वकील

झफरुल्लांचे उदाहरण मर्मी लागले, हे नाकारत नाही. पण आपणच सांगितलेत की हे संसदेने केले, म्हणजे कायद्यानेच केले. कायदा चांगलेच घडवतो असे मी कुठे लिहिले आहे? माझ्या म्हणण्याला इतका भक्कम आधार मलाही सुचला नव्हता, त्याबद्दल आभार.

खाडीपलीकडची

आभार झाले असतील, तर शेतजमिनीचे उत्तर अजून बाकी आहे.