समुद्राच्या पाण्यातून मीठ: बाष्पीभवन की स्फटिकीभवन?

ओवीची_आई:
मुलगी नववीत आहे, सीबीएसई. काल मिश्रणं वेगळी करायच्या पद्धती घेत होतो आणि दोघी अडकलो. सहावीत शिकवलं की समुद्राच्या पाण्यातून मीठ बाष्पीभवनाने मिळतं, आता नववीत तेच मीठ स्फटिकीभवनाखाली आलंय. ती म्हणते दोन्हीकडे पाणीच उडतंय ना, मग फरक काय आणि पेपरात काय लिहू? शिवाय मीठ संयुग आहे तर पुड्यातलं आयोडीनवालं मीठ शुद्ध पदार्थ धरायचा की मिश्रण? प्लीज कोणीतरी सोपं करून सांगा.

अभि_नाशिक:
मीठ म्हटलं की बाष्पीभवन लिहायचं, मार्क मिळतात. जास्त खोलात जाऊ नका.

उरणचा_आगरी:
अभिदादा, मार्क मिळतील पण पोरीचा प्रश्न तसाच राहील ना. ताई, आमच्या घरचं मिठागर होतं म्हणून सांगतो. एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, त्यातलं खायचं मीठ 27 ग्रॅमच्या आसपास, बाकी मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट वगैरे. हे पाणी पातेल्यात पार कोरडं होईपर्यंत आटवलं तर सगळं एकत्रच तळाला बसतं, चव कडवट लागते आणि हवेतला ओलावा ओढून ते चिकट होतं. आगरात तसं करतच नाहीत. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात घेत घेत घट्ट करायचं, आधी चुन्यासारखा थर बसतो, मग जिप्सम (कॅल्शियम सल्फेट), आणि मूळ पाण्याचा दहावा हिस्सा उरला की मिठाचा दाणा धरायला लागतो. पाण्याचा घट्टपणा बोमेच्या काट्याने (पाण्यात तरंगणारं घनता मोजायचं साधन, त्याच्या डिग्री तापमानाच्या नव्हेत) बघतात, 25 डिग्रीच्या आसपास मीठ पडतं आणि 29-30 झाली की उरलेलं कडू पाणी सोडून द्यायचं. मॅग्नेशियम बहुतेक त्या पाण्यातच जातं. ते वेळेवर सोडलं नाही तर मीठ खराब झालंच म्हणून समजा.

विज्ञान_शिक्षिका:
वा दादा, वर्गात सांगण्यासारखं उदाहरण दिलंत. ओवीला इतकंच सांगा की पाणी पूर्ण उडवून जे उरेल ते घेतलं तर ते बाष्पीभवन, आणि द्रावण घट्ट करून हवा तो पदार्थ स्फटिक होऊन बाहेर आला, अशुद्धी मागे द्रवात राहिली, तर स्फटिकीभवन. प्रश्न ‘समुद्राच्या पाण्यापासून मीठ मिळवणे’ असा असेल तर बाष्पीभवन, ‘अशुद्ध मीठ शुद्ध करणे’ असेल तर स्फटिकीभवन लिहायचं. प्रयोगशाळेत मोरचूद (कॉपर सल्फेट) घेतात कारण गरम पाण्यात ते थंडपेक्षा कितीतरी जास्त विरघळतं, द्रावण निवलं की सुंदर निळे स्फटिक येतात. मिठाचं तसं नाही, 100 ग्रॅम पाण्यात 0 अंशाला जवळपास 36 ग्रॅम आणि 100 अंशाला 39, म्हणजे नुसतं गार करून फारसं हाती लागत नाही, पाणी उडवावंच लागतं, गोंधळ तिथेच होतो.
पुड्यातलं मीठ काटेकोर बघितलं तर मिश्रणच. पाकिटावर वाचायला सांगा तिला, पोटॅशियम आयोडेट आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेला पदार्थ लिहिलेला असतो. सोडियम क्लोराईड मात्र संयुग.

ओवीची_आई:
खूप खूप आभार दोघांचे, ओवीने आत्ताच पाकीट आणून वाचलं!! आता विचारतेय साखरेचं पाणी पूर्ण आटवून साखर परत का नाही मिळत?

विज्ञान_शिक्षिका:
छान प्रश्न. पाणी संपत आलं की तापमान चढतं आणि साखर वितळायच्या सुमाराला तिचं विघटन होऊ लागतं, आधी तपकिरी, मग काळी, ती पुन्हा साखर होत नाही. म्हणून कारखान्यात रस हवेचा दाब कमी करून कमी तापमानालाच आटवतात आणि दाणे पाडतात, म्हणजे तिथेही स्फटिकीभवनच. घरी बघायचं असेल तर घट्ट पाकात दोरा सोडून भांडं न हलवता काही दिवस ठेवा, दोऱ्यावर खडे धरतील.