घरची बिअर जाम कडू झालीये, वाचवता येईल का? (मदत हवी आहे)

खाडीकाठचा
मंडळी नमस्कार. वेंगुर्ल्याच्या बाजूला असतो. घरी दहा लिटर बिअर लावलीये आणि ती इतकी कडू झालीये की एक घोट घेतला की घशाशी कडवटपणा बसून राहतो, वरून तळलेला बांगडा खाल्ला तरी हलत नाही. रेसिपी साध्या गव्हाच्या बिअरची, हलकी, दुपारी प्यायला बरी अशी. त्यात १५ ग्रॅम कॅस्केड जातीचे हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी वाळवलेली फुलं) उकळी आल्यावर आणि १५ ग्रॅम गॅस बंद केल्यावर टाकायचे होते. ऑनलाइन मागवले तर विकणाऱ्याने परस्पर मॅग्नम जातीचे पाठवले, फोन केला तर म्हणे हॉप्स ते हॉप्स, टाका बिनधास्त. पाकिटावर अल्फा १२.५% असं छापलंय, ते काय असतं? बाकी तासभर उकळलं, मग पातेलं झाकून मोरीत पाण्याच्या टपात ठेवलं, पण मे महिन्यात आमच्या टाकीचं पाणीच कोमट, थंड होता होता संध्याकाळ झाली.

अजून बाटल्या भरल्या नाहीत, बुडबुडे थांबलेत. बायको म्हणते गूळ घाल, शेजारचे काका म्हणतात माडाच्या आळ्यात ओत. काय करू?

गजालीवाला
ओतू नको रे मेल्या, माका दी.

जांभा
आधी हे सांगा, कडू आहे की तुरट? काजूचं कच्चं बोंड चावल्यावर तोंड आवळतं तसं होत असेल तर हॉप्सना शिव्या घालून उपयोग नाही. धान्य ७७-७८ अंशांच्या वर गरम पाण्याने धुतलं किंवा धूत धूत फारच पातळ पाणी काढलं की सालातलं टॅनिन उतरतं, ते वेगळं प्रकरण. दुसरं म्हणजे चव घेतलीत ती गढूळ होती का? तरंगणारं यीस्टपण कडवट लागतं. ग्लासभर काढून फ्रिजमध्ये ठेवा, गाळ बसला की वरचं प्या आणि मग सांगा.

खाडीकाठचा
तुरट नाही. फ्रिजमध्ये ठेवून बघितली, किंचित सुधारली पण मूळ कडूपणा आहे तसाच.

तांब्याचं पातेलं
मग हॉप्सच. अल्फा म्हणजे हॉप्समधली अल्फा आम्लं, उकळीत त्यांचं रूप बदलतं आणि तोच बिअरचा कडवटपणा. कॅस्केडमध्ये ती साधारण ५ ते ७%, तुमच्या मॅग्नममध्ये १२.५. वजन तेवढंच ठेवलं की कडूपणा थेट दुप्पट. ढोबळ हिशेब केला तर कॅस्केडने तासाभराच्या उकळीत २० आयबीयूच्या (बिअरचा कडूपणा मोजायचं एकक) आसपास आली असती, ती तुमची चाळिशी पार करून गेली. पेल एलसारख्या कडक बिअरला चाललं असतं, गव्हाच्या हलक्या बिअरला मागे माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडवा नसतो त्यामुळे सगळं उघडं पडतं.

आणि खरी गोम त्या संध्याकाळपर्यंत थंड होण्यात आहे. गॅस बंद करून टाकलेले हॉप्स वासासाठी असतात खरे, पण पातेलं ८० अंशांच्या खाली येईपर्यंत त्यांचाही कडूपणा उतरत राहतो. थंड देशातल्या रेसिपीत नळाचं पाणी गार असतं हे गृहीत धरलेलं असतं, आपल्याकडे तसं नाही. पुढच्या वेळी जेटीवरून मासळीवाल्यांच्या बर्फाची लादी आणा आणि टपात पातेल्याच्या बाहेरून लावा, आत एक खडाही जाऊ देऊ नका, त्या बर्फाला काय काय लागलेलं असतं ते सांगायला नको.

गूळ अजिबात नको. यीस्ट जिवंत आहे, ते गूळ खाऊन टाकेल, गोडी राहणार नाही आणि बाटल्या भरल्यावर घातलात तर या उकाड्यात फुटतील. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, यीस्टला पचत नाही, ते चालतं, पण दूध न सोसणाऱ्या पाहुण्याला सांगून द्या. मी असतो तर लॅक्टोजही घातलं नसतं, गव्हाच्या बिअरला ते शोभत नाही. सरळ दुसरी दहा लिटर लावा, हॉप्स नावापुरते, आणि दोन्ही आंबून झाल्या की मिसळा. आधी ग्लासात प्रमाण बघा, निम्मं-निम्मं जमेल असं वाटतं.

जांभा
सहमत. घाई नसेल तर बाटल्या भरून ठेवून द्या, काही महिन्यांत हॉप्सचा कडूपणा आपोआप उतरतो, फक्त माळ्यावर नको, गरमीत बाकीची चवही जाईल. आणि ग्लासात चिमटीभर मीठ टाकून बघा, मिठाने कडू कमी लागतं. कोकमाचं आगळ मात्र घालू नका, कडू आणि आंबट एकत्र आलं की जास्त बोचतं.

किनारपट्टी
विषय निघालाय म्हणून. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरीसुद्धा बिअर बनवणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. पातेल्याचे फोटो टाकू नका आणि गावभर वाटत तर मुळीच फिरू नका.

खाडीकाठचा
फोटो नाही टाकत, आणि दुसरी दहा लिटर लावायचा विषयही आता घरात काढत नाही, बायकोने वरचं वाचलंय. मीठ टाकून बघितलं, अगदी चिमटीतल्या चिमटीत, फरक पडतो खरा, निदान ग्लास संपवता आला. काकांना पण दिला अर्धा, ते म्हणाले माडाला नको, मलाच दे. उरलेले मॅग्नम फ्रीझरमध्ये हवाबंद ठेवले तर टिकतात ना?

तांब्याचं पातेलं
टिकतात, हवा आणि उजेड लागू देऊ नका म्हणजे झालं. पाकिटावर १२.५ ठळक लिहून ठेवा.