म्हातारी माणसे वयामुळे घरी बसतात की रस्त्यामुळे?

लक्ष्मीनगरकर (धाग्याची सुरुवात):
माझे वडील 79 वर्षांचे आहेत. मागच्या पावसाळ्यापर्यंत ते रोज सकाळी बागेपर्यंत चालत जात, तिथे समवयस्कांत अर्धा तास बसत आणि येताना भाजी घेऊन येत. नागपुरातल्या आमच्या गल्लीत सिमेंट रस्ता झाला, त्याची पातळी फाटकापेक्षा वीतभर वर गेली आणि रस्ता व फाटक यांच्यामधली जागा ठेकेदाराने गिट्टी टाकून तशीच सोडली. बाबा आता फाटकाशी येतात, एका हाताने खांब धरतात, दुसऱ्या हातातली काठी गिट्टीत रोवून पाहतात आणि परत फिरतात. काही महिन्यांतच त्यांच्या पायांतली ताकद गेली आणि रक्तातली साखर वाढली. डॉक्टर म्हणतात, चाला.

ज्याला आपण ‘वयाचा परिणाम’ म्हणतो, त्यातला मोठा भाग रस्त्याचा परिणाम आहे असे माझे मत आहे. जागतिक आरोग्य संघटना 65 वर्षांवरील लोकांनाही आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम सांगते, आणि या वयात परवडणारा व्यायाम म्हणजे चालणेच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथावर किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी आणि त्याची कड 150 मिलिमीटरपेक्षा उंच नको. आपल्याकडे त्या रुंदीत ठेले, दुचाक्या आणि विजेच्या पेट्या उभ्या असतात. पदपथ आधी पूर्ण मोकळे करावेत, ठेल्यांसकट.

महालकर:
तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटले, पण उपाय मला मान्य नाही. आमच्या महाल या जुन्या वस्तीत पदपथ नावालाच आहेत, तरीही माझी 82 वर्षांची आई दिवसातून दोनदा बाहेर पडते, कारण तिला दहा पावलांवर ओटा मिळतो, वीस पावलांवर फुलवाली मिळते आणि एक दिवस ती दिसली नाही तर पानठेलेवाला घरी निरोप पाठवतो. याउलट माझी मावशी शहराबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये राहते, जिथे पदपथ रुंद आणि स्वच्छ आहे, पण टेकायला जागा नाही, दुकान नाही, माणूस नाही. ती आठवडाभर फाटकाबाहेर जात नाही. एकटेपणानेही माणूस खंगतो. चालायला रस्ता लागतो तसे चालायला निमित्तही लागते, आणि ते निमित्त तुम्ही ठेल्याबरोबर उचलून नेणार आहात. शिवाय पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला 2014 च्या कायद्याने संरक्षण दिलेले आहे.

लक्ष्मीनगरकर:
निमित्ताचा मुद्दा पटला. परंतु तुमच्या आईंना गर्दीतून वाट काढता येते, कारण त्या अजून काठीशिवाय चालतात. काठी किंवा वॉकर हाती आला की तीच गर्दी भिंत होते. या वयात खुब्याचे हाड मोडले तर अनेकांचे चालणे पहिल्यासारखे होत नाही, त्यामुळे बाबांची भीती मला वाजवी वाटते.

फिजिओथेरपिस्ट, धंतोली:
आपण दोघेही रस्त्याच्या कडेविषयी बोलत आहात, पण माझे वृद्ध रुग्ण रस्ता ओलांडण्याला सर्वांत जास्त घाबरतात. सिग्नलचा वेळ ठरवताना माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असे सहसा धरले जाते. इंग्लंडमधल्या 65 वर्षांवरील लोकांच्या 2012 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पुरुषांचा सरासरी वेग 0.9 आणि स्त्रियांचा 0.8 मीटर निघाला. म्हणजे 18 मीटरचा रस्ता कागदावर 15 सेकंदांत संपतो आणि आजींना 22 सेकंदांहून जास्त लागतात. सिंगापूरमध्ये 2009 पासून ज्येष्ठांना सवलतीचे कार्ड खांबावर टेकवून हिरवा दिवा काही सेकंद वाढवता येतो. आपल्याकडे मध्ये थांबायला दुभाजकात सपाट जागा दिली तरी पुष्कळ होईल. सीताबर्डीच्या बाजारात मी स्वतः एका आजोबांना दुभाजकावर गुडघा टेकवून चढताना पाहिले आहे.

गोकुळपेठवासी:
मला चालण्याचा हा आग्रहच धोक्याचा वाटतो. मे 2013 मध्ये नागपूरचे तापमान 47.9 अंशांवर गेले होते. वाढत्या वयात तहान कमी जाणवते, घाम कमी येतो, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीर आणखी लवकर कोरडे पडते. नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत कडक नऊ दिवसांत, म्हाताऱ्यांना रस्त्यावर कशाला काढता? घरात दोरी धरून व्यायाम करवून घ्यावा, संध्याकाळी मुलाने गाडीने बागेत न्यावे.

महालकर:
मुलगा पुण्यात असेल तर गाडी कोण काढणार? आणि घराच्या पत्र्याखाली दुपारी बाहेरच्यापेक्षा कमी तापते असे थोडेच आहे. ऊन हे झाडे जपण्याचे कारण आहे, माणसे कोंडण्याचे नाही. रस्ता रुंद करताना कापलेला कडुनिंब ही माझ्या आईची थांबण्याची जागा होती. तिथून पुढे ती आता जात नाही. ठेल्यांबाबत मी एवढे मान्य करतो, की ते तीन फूट मागे सरकवावेत आणि वॉकरपुरती वाट सोडावी, पण उठवू नयेत.

लक्ष्मीनगरकर:
आमच्या कोपऱ्यावरच्या ठेल्यामागे उघडी नाली आहे. तीन फूट तर सोडाच, एक फूटही मागे सरकायला जागा नाही. आधी ती नाली झाकून घ्यावी लागेल, आणि त्यासाठीचा अर्ज मी आज वॉर्डात दिला आहे. फाटकापुढे सिमेंटचा उतार मात्र मी रविवारी स्वतःच्या खर्चाने करून घेतो आहे.