सोसायटीत सोलर नको, कारण फ्युजन येतंय म्हणे! तुमचं काय मत?

त्रिमूर्तीनगरची ताई

परवा आमच्या सोसायटीची सभा झाली. विषय साधा होता: गच्चीवर १० किलोवॅटचं सोलर बसवायचं आणि लिफ्ट, पाण्याची मोटर, जिन्यातले दिवे त्यावर चालवायचे. सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाइक वापराला किलोवॅटमागे १८ हजार अनुदान मिळतं, म्हणजे १ लाख ८० हजार सरकारचे. सगळं जुळत आलं होतं. तेवढ्यात दुसऱ्या माळ्यावरचे काका उठले. "पंचवीस वर्षांसाठी पैसे कायले अडकवता? फ्रान्समध्ये फ्युजनची भट्टी बांधून राहिले. समुद्राच्या पाण्यातून वीज! दहा वर्षांत फुकट मिळेल, तुमच्या पाट्या भंगारात जातील." आणि चार माना हलल्या. ठराव पुढच्या रविवारवर गेला.

मी कॉमर्सवाली, पण चिडून तीन रात्री वाचत बसले. काकांची भट्टी खोटी नाही. फ्युजन म्हणजे हलके अणू एकमेकांत जोडून ऊर्जा काढायची, सूर्यात होतं तसं. दक्षिण फ्रान्समध्ये कादाराश इथे 'इटर' उभं राहतंय, सात भागीदारांत भारतही आहे. पण त्यातून वीज बनणारच नाही, तो प्रयोग आहे. ५० मेगावॅट उष्णता आत घालून ५०० मेगावॅट बाहेर काढता येते का, एवढंच तिथे बघायचंय. आणि २०२४ मध्ये जाहीर झालेल्या वेळापत्रकानुसार खऱ्या इंधनाचे प्रयोग २०३९ मध्ये. होमी भाभांनी १९५५ साली जिनिव्हात सांगितलं होतं की पुढच्या वीस वर्षांत फ्युजन ताब्यात येईल. भाभांसारख्या माणसाचा अंदाज चुकला, तिथे दुसऱ्या माळ्यावरच्या काकांचं काय घेऊन बसलात!

प्लाझ्मावाला पोट्टा

ताई, काकांवर हसा, फ्युजनवर हसू नका. भाभा बोलले तेव्हा टोकामाक, म्हणजे तापलेलं इंधन चुंबकांनी धरून ठेवणारं मेदूवड्याच्या आकाराचं यंत्र, जगाला माहीतही नव्हतं. आज काय स्थिती आहे ते बघा. इंग्लंडच्या 'जेट' या टोकामाकने बंद होण्याआधी, २०२३ च्या शेवटच्या प्रयोगांत, पाच सेकंदांत ६९ मेगाज्यूल ऊर्जा काढली. इंधन किती? ०.२ मिलिग्रॅम. डोळ्याला दिसणारही नाही. फ्रान्सच्याच 'वेस्ट' यंत्राने फेब्रुवारी २०२५ मध्ये २२ मिनिटं प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त वायू, धरून ठेवला. इटरसारख्या भट्टीला लागणारं १५ कोटी अंश तापमान म्हणजे सूर्याच्या गाभ्याच्या दहापट, आणि ते चुंबकाच्या पिंजऱ्यात अधांतरी ठेवायचं. हे काम वीस वर्षांत व्हायला पाहिजे होतं असं म्हणणं म्हणजे पहिल्या विमानाला विचारणं की मुंबईला कधी नेतो.

आणि इटरचं ते प्रचंड क्रायोस्टॅट, म्हणजे यंत्राला गार ठेवणारं बाहेरचं पोलादी भांडं, २९ मीटर रुंद नि तेवढंच उंच, आपल्याच देशात घडलंय. गुजरातेत, हजिऱ्याला.

मीटर रीडिंग

@प्लाझ्मावाला पोट्टा, मेगाज्यूलला ३.६ ने भागलं की युनिट निघतात. ६९ मेगाज्यूल म्हणजे १९ युनिट. तीही उष्णता, तिची वीज करायला गेलात की सहा-सात युनिट उरतील. मे महिन्यात आमच्या घरचा एसी एका रात्रीत एवढं खातो.

ती डिसेंबर २०२२ ची अमेरिकेतली बातमी घ्या, इंधनाच्या गोळीवर लेसर मारून फ्युजन केल्याची. '२.०५ मेगाज्यूल आत, ३.१५ बाहेर, नफा!' म्हणून सगळ्यांनी पेढे वाटले. ३.१५ मेगाज्यूल म्हणजे पाऊण युनिटाच्या जरा वर. आणि लेसर पेटवायला भिंतीतून ओढली सुमारे ३०० मेगाज्यूल, म्हणजे ८३ युनिट. दुकानदाराने गल्ल्यातली भर दाखवायची आणि भाडं सांगायचंच नाही, असा हा हिशेब.

प्लाझ्मावाला पोट्टा

ते लेसर जुन्या धाटणीचे आहेत, वीज वाचवायला बनवलेलेच नाहीत. प्रयोग होता तो गोळी पेटते का बघण्याचा. पेटली. पण हिशेब बरोबर आहे तुमचा, तो मान्य.

शिफ्ट इंचार्ज (निवृत्त)

३१ वर्षं औष्णिक केंद्रात काढली. कुठल्या ते विचारू नका, पेन्शन चालू आहे. तुम्ही सगळे सोलर की फ्युजन करून राहिले, पण संध्याकाळी सातला कंट्रोल रूममध्ये काय होते ते कोणी सांगत नाही.

दुपारी सोलर जोरात असलं की लोड डिस्पॅचचा, म्हणजे कोणी किती वीज बनवायची ते ठरवणाऱ्या केंद्राचा, फोन येतो: उतरवा. ६६० मेगावॅटचा संच, ज्याला आम्ही युनिट म्हणतो, ५५ टक्क्यांवर आणून ठेवतो. त्याच्या खाली गेलं की भट्टीतली ज्योत अस्थिर होते, मग तेल जाळून सांभाळावी लागते. सूर्य कलला की तोच फोन: चढवा! आणि चढवायचं म्हणजे पंख्याचं बटण फिरवणं नव्हे. बॉयलरचे जाड पाइप हळूहळू तापवावे लागतात, घाई केली तर धातू थकतो, आज नाही तर सहा महिन्यांनी ट्यूब फुटते. नवतप्यात रात्री अकरालाही नागपूरचे कूलर थांबत नाहीत. तेव्हा तुमची पाटी काय देते? शून्य.

माझं मत: फ्युजन नातवंडांसाठी, सोलर दुपारसाठी, आणि मधल्या काळात कोळसा. त्याची जागा घ्यायची तर साधी अणुभट्टी, विखंडनवाली, म्हणजे अणू फोडणारी. ते तंत्र आपल्या हातात आहे, तारापूर १९६९ पासून चालू आहे.

राखेच्या गावची

काका, कोळसा आत किती जातो हे पण सांगा ना.

शिफ्ट इंचार्ज (निवृत्त)

पूर्ण लोडवर ६६० च्या एका युनिटला दिवसाला नऊ-दहा हजार टन धरा. मालगाडीचे अडीच रेक.

राखेच्या गावची

आणि त्यातला तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास राख होऊन बाहेर येतो. रोज. तो कुठे जातो ते मी सांगते. राखेच्या तळ्यापासून आमचं घर दीड किलोमीटर. मार्चनंतर वारा फिरला की दोरीवरची साडी झटकल्याशिवाय घडी करता येत नाही. तुळशीची पानं ओल्या फडक्याने पुसते मी, दुसऱ्या दिवशी पुन्हा राखाडी. सासऱ्यांचा खोकला सांगत बसत नाही. 'मधल्या काळात कोळसा' हे वाक्य मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे, माझी मुलगी आता कॉलेजात आहे.

मला फ्युजनचं कौतुक नाही नि रागही नाही. ते येईपर्यंत थांबायचं म्हणणारा माणूस कधी वाऱ्याच्या खालच्या बाजूला राहत नाही, एवढं दिसतंय.

काटोलचा बागवाला

मले प्लाझ्मा-फ्लाझ्मा कळत नाही. आमच्या इकडे पंपाची लाइन एक हप्ता दिवसा, एक हप्ता रात्री. रात्रीचा हप्ता आला की डिसेंबरच्या थंडीत बॅटरी नि काठी घेऊन संत्र्याले पाणी द्याले जा. मागच्या वर्षी धुऱ्यावर घोणस होती, पाय टाकता टाकता वाचलो. आता फिडर सोलरवर गेलं, पाणी दिवसा सुरू झालं. शिफ्टवाले काका, तुमच्यासाठी दुपारची वीज जास्तीची असन, माह्यासाठी तीच कामाची आहे.

धंतोली_संशयी

नागपूरच्या उन्हात पॅनेल तापून निम्मी वीज देतात असं ऐकलंय. खरं का?

मीटर रीडिंग

निम्मी नाही हो. २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्के घट. मे महिन्यात काच ६५ पर्यंत तापली तर १५-१६ टक्के गेले. धूळही वीज खाते. आठवड्याला धुवा.

शिफ्ट इंचार्ज (निवृत्त)

राखेबद्दल ताई बोलल्या त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो, तिकडे वारा कमी यायचा. पण पोट्ट्याला एक विचारतो. समुद्राच्या पाण्यातून ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, मिळते, ठीक. दुसरं इंधन ट्रिटियम, त्याहून जड हायड्रोजन. ते कुठून आणणार? ते तर टिकतही नाही.

प्लाझ्मावाला पोट्टा

नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. ट्रिटियम १२.३ वर्षांत अर्धं होतं, निसर्गात जवळपास नाही. आज मिळतं ते मुख्यतः जड पाण्याच्या अणुभट्ट्यांमधून, जगभरात मिळून साठा जेमतेम वीस-तीस किलोंच्या घरात. भट्टीच्या भिंतीत लिथियम भरायचं, फ्युजनमधून सुटणारा न्यूट्रॉन त्यावर आदळला की नवं ट्रिटियम तयार होतं. म्हणजे चुलीनेच आपलं सरपण पिकवायचं. कागदावर गणित जुळतं, पूर्ण आकाराच्या भट्टीत अजून कोणी करून दाखवलेलं नाही. तोच न्यूट्रॉन भिंतीचं पोलादही खातो.

तरी मी फ्युजनच्या बाजूने का? कारण भट्टीत कोणत्याही क्षणी इंधन फक्त काही ग्रॅम असतं. बिघडलं तर प्लाझ्मा विझतो, चेर्नोबिल होत नाही. हजारो वर्षं सांभाळायचा कचरा नाही. आणि राख नाही, राखेच्या गावच्या ताईंसाठी हे मुद्दाम लिहितो. पोलादाचे, सिमेंटचे कारखाने रात्रंदिवस चालवायला २०६० साली काय वापरणार, याचं उत्तर नुसत्या पॅनेल-बॅटरीत मला दिसत नाही. म्हणून संशोधनावर पैसा घाला, भरपूर घाला. पण त्या नावाखाली गच्ची रिकामी ठेवा, असं आमच्या क्षेत्रातला एकही माणूस म्हणणार नाही.

मीटर रीडिंग

बॅटऱ्यांचं तुम्ही कमी धरताय. २०१० च्या तुलनेत किमती ९० टक्क्यांच्या आसपास उतरल्या. सातच्या त्या फोनचं उत्तर २०३९ च्या आधी मिळेल, लिहून ठेवा.

शिफ्ट इंचार्ज (निवृत्त)

लिहून ठेवलं. मी असलो तर चहा माझ्याकडे.

त्रिमूर्तीनगरची ताई

कालची सभा सांगते. पोट्ट्याचा प्रतिसाद मी काकांना मोठ्याने वाचून दाखवला. काका शांतपणे म्हणाले, "म्हणजे फ्युजन येणार हे तो पण म्हणतो." मग त्यांनीच विचारलं, पाट्यांची वॉरंटी किती? पंचवीस वर्षं. बोटांवर मोजलं. "बरं. तवापर्यंत लावून घ्या." ठराव मंजूर, एक मत विरोधात, तळमजल्याचं, कारण त्यांना लिफ्ट लागत नाही.

आता नवा वाद सुरू झालाय. पाण्याच्या टाकीची सावली चारनंतर गच्चीच्या बरोबर त्या कोपऱ्यावर पडते. टाकी हलवायचा खर्च कोणी केला आहे का इथे?