जर्मन ‘डॉख’ आणि ‘या’ : आघाताने बदलणारा आशय

प्रश्न : ‘डॉख’ या जर्मन अव्ययाचे अर्थ कोशांत ‘पण’, ‘तरीही’, ‘अखेर’, ‘ना’ असे निरनिराळे आढळतात. ‘एर इस्ट डॉख गेकोमन’ या वाक्यात त्यांपैकी कोणता घ्यावा?

उत्तर : लिहिलेल्या वाक्यावरून ते ठरत नाही, उच्चार ऐकावा लागतो. आघात, म्हणजे उच्चारातला जोर, ‘डॉख’वर असेल तर ‘येणार नाही असे वाटत होते, पण तो शेवटी आलाच’ असा अर्थ होतो. ‘डॉख’ आघाताविना झटकन उच्चारला आणि जोर ‘गेकोमन’मधील ‘को’वर दिला, तर ‘अहो, तो आला की!’ असे म्हणत बोलणारा समोरच्याला ठाऊक असायला हवी अशी गोष्ट आठवून देत असतो. ‘आलाच’ आणि ‘आला की’ यांतला जो भेद मराठी ‘च’ आणि ‘की’ या दोन निराळ्या निपातांनी, म्हणजे अर्थाला छटा देणाऱ्या छोट्या शब्दांनी, दाखवते, तो जर्मनमध्ये एकाच अव्ययावरचा आघात दाखवतो. जर्मनच्या लयीत आघातहीन अक्षरे आखूड होतात आणि दबतात. आपण मात्र अक्षरांना जवळपास सारखे वजन देतो, त्यामुळे साधी आठवण करून देताना आपल्या तोंडून जर्मन बोलताना नकळत ‘आलाच’ असा अर्थ निघून जाण्याचा धोका असतो. म्हणून अव्ययांचे अर्थ सुटे पाठ करू नयेत, ती वाक्यासकट, आवाजासकट शिकावीत, असे माझे आग्रहाचे मत आहे.

‘या’ या अव्ययाचेही तसेच आहे. ‘दास इस्ट या श्योन’ यात ते आघातहीन असून ‘अरे वा, छानच की’ असा उद्गार व्यक्त होतो; ‘कोम या निश्ट त्सू श्पेट’ यात त्यावर आघात येतो आणि ‘उशीर केलास तर बघ’ अशी ताकीद मिळते.

आघाताची जागा कायम राहिली तरीही आशय बदलू शकतो. कील विद्यापीठातील ध्वनिवैज्ञानिक क्लाउस कोलर यांनी 1987 मध्ये ‘झी हाट या गेलोगन’, म्हणजे ‘ती खोटे बोलली’, या वाक्याच्या आधारे हे दाखवले. आघात ‘गेलोगन’मधील ‘लो’वरच ठेवून स्वराचा कळस, म्हणजे आवाजाची पट्टी सर्वांत उंच होते ती जागा, त्या अक्षराच्या आधी आला, तर गोष्ट आधीच ठरलेली, चर्चा संपलेली वाटते, कळस अक्षराच्या आत आला, तर ती नवी माहिती ठरते, आणि तो आणखी उशिरा आला, तर ‘अगं, ती चक्क खोटं बोलली!’ असे अपेक्षाभंगाचे आश्चर्य ऐकू येते.