शब्दचर्चा : अजिंठ्याची ‘फ्रेस्को’ म्हणावं की नाही? आणि ‘छटा’ म्हणजे नेमकं काय?

बोरू

कला-इतिहासाच्या मराठी टिपणांची उजळणी चालू आहे. तीन शब्दांवर गाडी अडली आहे.

१. ‘अजिंठ्याची फ्रेस्को’ असं सर्रास लिहिलेलं आढळतं. काही ठिकाणी त्याच चित्रांना ‘टेंपरा’ म्हटलंय, तर बऱ्याच ठिकाणी नुसतं ‘भित्तिचित्र’. तिन्हींचा अर्थ एकच का?
२. ‘छटा’ हा शब्द कुठे रंगाच्या जातीसाठी, कुठे उजळ-गडदपणासाठी, तर कुठे शेडिंगसाठी येतो. परीक्षेत लिहायचं काय?
३. ‘वर्तना’ म्हणजे छायाप्रकाश का?

चुनकळी

पहिल्याचं उत्तर: एकच नाही. भित्तिचित्र ही जात आहे. भिंतीवरचं कुठलंही चित्र भित्तिचित्र, मग ते तैलरंगात असो की गेरूनं काढलेलं असो. फ्रेस्को आणि टेंपरा ही तंत्रांची नावं आहेत. त्यांतला फरक एकाच गोष्टीत आहे, तो म्हणजे रंग भिंतीला कशानं धरून ठेवला आहे.

फ्रेस्कोत चिकटवणारं द्रव्य वेगळं घालतच नाहीत. रंगाची पूड नुसत्या पाण्यात खलून ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर लावतात. विरवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे पुन्हा चुनखडीच होतो, आणि त्या कवचात रंगाचे कण अडकून बसतात. टेंपरात भिंत कोरडी असते आणि रंगात सरस, डिंक, अंड्याचा बलक असं काहीतरी चिकट मिसळलेलं असतं. रंग भिंतीच्या अंगावर बसतो, अंगात शिरत नाही.

अजिंठा दुसऱ्या गटात येतं. म्हणून ‘अजिंठ्याची फ्रेस्को’ हे चूकच. जुन्या इंग्रजी लेखनात भिंतीवरच्या कुठल्याही जुन्या चित्राला सरसकट फ्रेस्को म्हणत, तिथून ते आपल्याकडे उतरलं.

माजघर

पण अजिंठ्याच्या गिलाव्यावरही पांढरा हात, म्हणजे पातळ लेप, असतोच ना? त्यात चुना सापडतो असं वाचलंय. मग तो ओला असताना रंगवलं नसेल कशावरून?

चुनकळी

थर बघा, म्हणजे उलगडा होईल. खाली बेसॉल्टचा कातळ. तो मुद्दाम गुळगुळीत केलेला नाही, टाकीच्या खुणा तशाच ठेवल्यात, म्हणजे गिलाव्याला पकड मिळते. त्यावर लोहयुक्त मातीचा जाड थर, ज्यात दगडाची कच, वाळू, भाताचं तूस, गवताचे आणि वनस्पतींचे तंतू. त्यावर तशाच मातीचा बारीक, घोटून सपाट केलेला दुसरा थर. आणि सगळ्यात वर अंड्याच्या कवचाइतका पातळ पांढरा हात. तो कुठे चुन्याचा, कुठे पांढऱ्या मातीचा, कुठे जिप्समचा.

आता फ्रेस्कोला काय लागतं? रंगाखाली काही मिलिमीटर जाडीचा, तासन्‌तास ओल धरणारा चुन्याचा साठा. इथला हात इतका पातळ की खालची माती त्यातलं पाणी बघता बघता ओढून घेईल. जिप्सम किंवा पांढरी माती असेल तिथे तर रंग धरणारी ती रासायनिक क्रिया होणारच नाही.

दुसरी खूण सांध्यांची. ओला गिलावा रंगवण्याजोगा राहतो तो साधारण सहा ते आठ तास. त्यामुळे चित्रकार एका दिवसात होईल तेवढाच तुकडा लिंपतो. दुसऱ्या दिवशीचा तुकडा शेजारी लिंपला की सांधा राहतो, आणि बाजूनं तिरपा प्रकाश टाकला की तो दिसतो. इटालियनमध्ये या तुकड्याला ‘जोर्नाता’ म्हणतात, म्हणजे दिवसभराचं काम. व्हॅटिकनमधल्या सिस्टाइन चॅपेलच्या, मायकेलँजेलोनं रंगवलेल्या छतावर (१५०८ ते १५१२) असे तुकडे मोजता येतात. अजिंठ्यात मोठमोठे प्रसंग सलग एका गिलाव्यावर आहेत.

तूलिका

चुनकळी यांच्या म्हणण्याला पूर्ण अनुमोदन. ‘फ्रेस्को’ला मराठी प्रतिशब्द म्हणून ‘आर्द्रभित्तिचित्र’ लिहावं असं सुचवेन. कोरड्यासाठी ‘शुष्कभित्तिचित्र’.

माजघर

तूलिकाताई, ‘आर्द्र’ म्हटलं की मला हवामान खात्याचा अंदाज आठवतो. ‘ओल्या गिलाव्यावरचं चित्र’ लिहिलं तर काय बिघडलं? चार अक्षरं जास्त जातील, पण वाचणाऱ्याला तंत्रही कळेल. आणि ‘फ्रेस्को’ हा मूळ शब्दही ‘ताजा’ एवढ्याच अर्थाचा, बोलीतला आहे.

चितारी

शब्द कुठलाही घ्या, पण ‘शुष्कभित्तिचित्र’ अजिंठ्यासाठी वापरताना जपून. ‘फ्रेस्को सेक्को’ नावाचं एक तिसरंच तंत्र आहे. त्यात चुन्याचा गिलावा वाळू देतात, मग तो पुन्हा भिजवून चुन्याच्या निवळीत किंवा सरसात कालवलेले रंग लावतात. तिथे भिंत चुन्याचीच असते. अजिंठ्याचा गिलावा मातीचा. सगळ्यात बिनचूक वर्णन म्हणजे ‘मातीच्या गिलाव्यावर सरसमिश्रित रंग’. एका शब्दात हवं असेल तर टेंपरा चालेल, फक्त दुकानातल्या पोस्टर कलरच्या बाटलीवरही ‘टेंपरा’ छापलेलं असतं, त्यामुळे विद्यार्थी भलतंच समजतात. आणि टेंपरा म्हणजे अंडंच, असंही नाही. अंड्याचा बलक ही युरोपातली मध्ययुगीन रीत. संस्कृत ग्रंथांत येतो तो वज्रलेप, म्हणजे म्हशीचं कातडं उकळून केलेला सरस.

याच गोंधळातलं आणखी एक उदाहरण: लिओनार्दोचं ‘शेवटचं भोजन’. तेही फ्रेस्को नाही. त्याला सावकाश काम करायचं होतं, चुना थांबत नाही. म्हणून त्यानं कोरड्या भिंतीवर रंगवलं (१४९५ ते १४९८), आणि वीसेक वर्षांतच पापुद्रे सुटू लागले. इजिप्तच्या थडग्यांतली चित्रंही बहुतेक कोरड्या गिलाव्यावर, डिंक किंवा सरस घालून केलेली. ती टिकली ती हवेच्या कोरडेपणामुळे. उलट क्रीटमधल्या क्नोसोसची आणि पॉम्पेईची चित्रं चुन्याच्या ओल्या गिलाव्यावरची. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातली चोळकालीन चित्रंही याच गटात धरतात. १९३१ मध्ये नंतरच्या, नायक राजांच्या काळातल्या चित्रांच्या थराखाली ती उजेडात आली. त्यांचा आणि फणसाच्या फळीवर सोन्याचा वर्ख लावून करतात त्या ‘तंजावर शैली’चा काडीचा संबंध नाही, हे जाता जाता.

बोरू

तंत्र कुठलं यानं टिकण्यात एवढा फरक पडतो?

चितारी

पडतो, आणि दुखण्यांचं स्वरूपच बदलतं. मातीच्या गिलाव्यातलं तूस आणि तंतू कीटकांना खाद्य. ते आतून पोखरतात, थर कातळापासून सुटतो, वर बोटानं टकटक केलं तर पोकळ आवाज येईल अशी अवस्था होते (करू नये, अर्थात). पाणी झिरपलं की सरस मऊ पडतो आणि रंग भुकटीसारखा झडतो. म्हणून ओल्या कापसानं पुसणं हा अजिंठ्यासारख्या चित्राचा घात. फ्रेस्कोवरची धूळ काही अंशी ओल्यानं निघते, पण तिथे क्षार वर येऊन रंग फुगवतात.

शिवाय माणसांचे उपचार. अजिंठ्यावर एकोणिसाव्या शतकात आणि नंतरही वार्निश चढवलं गेलं. निजाम सरकारनं १९२० ते २२ मध्ये बोलावलेल्या चेकोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनीही लाखेचं वार्निश वापरलं. गिलावा धरून ठेवण्याचं त्यांचं काम मोलाचं होतं, पण लाख काळानं पिवळी-तांबूस होते. जुन्या छायाचित्रांत अजिंठ्याचा रंग चॉकलेटी दिसतो त्यात या वार्निशाचा वाटा मोठा. ‘अजिंठ्याची उबदार तपकिरी रंगसंगती’ असलं काही लिहिण्यापूर्वी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

तूलिका

मूळ रंग कोणते होते तेही इथेच नोंदवते. गेरू, पिवळी माती, काजळ, पांढऱ्यासाठी चुना, पांढरी माती किंवा जिप्सम, आणि हिरवी माती. ही हिरवी माती दख्खनच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत सापडते, म्हणजे घरचीच. परका एकच: निळा. तो राजावर्त या निळ्या दगडाचा, बोलीत लाजवर्द, अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून आलेला. इसवी सनापूर्वीच्या ९ आणि १० क्रमांकाच्या लेण्यांतल्या जुन्या चित्रांत निळा वापरलेला नाही. वाकाटककालीन, म्हणजे पाचव्या शतकातल्या चित्रांत तो दिसतो.

सुधाकण

शाळा-महाविद्यालयात दोन्ही तंत्रांतला फरक दाखवायचा असेल तर लहान नमुना करता येतो. विटेच्या सपाट बाजूवर केलात तरी पुरे.

वीट रात्रभर पाण्यात. चुना भिजवून मुरवलेला, लोण्यासारखा हवा. पोत्यातली जुनी कोरडी पूड बहुधा हवेनं आधीच मेलेली असते, ती धरत नाही. पहिला थर एक भाग चुना, अडीच भाग धुतलेली जाड वाळू, जाडी सुमारे १ सेंमी, वरून खरवडलेला. तो घट्ट झाला की भिजवून दुसरा थर: एक भाग चुना, एक ते दीड भाग बारीक वाळू, जाडी ३ ते ५ मिमी, थापीनं घोटलेला. बोट हलकं टेकवून ठसा उमटला नाही की रंगवायला घ्यायचं. त्याआधी घाई केली तर कुंचल्याबरोबर गिलावा उचलला जातो आणि रंग गढूळ होतो. फार उशीर केला तर वाळल्यावर रंग बोटाला लागतो. गिलावा अति ओला राहिला तर बुरशीही येते. सिस्टाइनच्या छतावर सुरुवातीच्या भागात मायकेलँजेलोला हाच त्रास झाला होता.

रंग मातीचेच घ्या. प्रशियन निळा चुन्यात टिकत नाही, तपकिरी होतो. शिशाचा पांढरा काळवंडतो, पांढरा हवा तर चुनाच वापरायचा. आणि प्लास्टर ऑफ पॅरिस चुन्यात अजिबात मिसळू नका. चुना डोळ्यांना आणि कातडीला भाजतो, चष्मा आणि हातमोजे हवेतच.

शेजारच्या विटेवर चाळलेली माती, तूस आणि थोडी वाळू यांचा थर द्या, पूर्ण वाळू द्या, वर पांढऱ्या मातीचा पातळ हात, आणि मग कोमट सरसात कालवलेले तेच रंग. सरस जास्त झाला तर वाळताना आकसतो आणि रंगाचे पापुद्रे वळतात. कमी झाला तर रंग हाताला लागतो. महिन्यानं दोन्ही विटांच्या कोपऱ्यावर पाण्याचे थेंब टाकून बोट फिरवा, वेगळं समजवावं लागणार नाही.

बोरू

वा, हे टिपून ठेवलं. आता छटा?

तूलिका

‘छटा’वर तीन कामांचा बोजा आहे, ती वाटून द्यावी. लाल, पिवळा, निळा ही जात सांगायची तर ‘रंग’ किंवा ‘वर्ण’. त्याचा उजळ-गडदपणा सांगायचा तर ‘रंगमूल्य’. पांढरा मिसळून झालेली ‘उजळ छटा’, काळा मिसळून झालेली ‘गडद छटा’. म्हणजे छटा हा मिश्रणाचा परिणाम. लख्ख की मळका, ते ‘तीव्रता’. पिवळा आणि जांभळा दोन्ही पूर्ण तीव्रतेचे असले तरी पिवळ्याचं मूल्य उजळच असतं. हे एक वाक्य लिहिलंत तर परीक्षकाला कळतं की फरक समजलाय.

सुधाकण

मूल्यपट्टी करताना पांढऱ्यात काळा घाला, काळ्यात पांढरा नव्हे. काळा थेंबभर वाढला तरी दोन पायऱ्या एकदम खाली जातात. पोस्टर कलरमध्ये उजळ रंग वाळल्यावर थोडे गडद आणि गडद रंग थोडे फिके दिसतात, त्यामुळे ओल्या पट्टीवरून पायऱ्या ठरवू नका. चुन्यावर तर सगळंच वाळून फिकं होतं. कोरड्या विटेवर एक फराटा ओढून पाहायचा. वीट पाणी शोषते, वाळलेला रंग लगेच दिसतो.

चितारी

वर्तनेबद्दल. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात तिचे तीन प्रकार आहेत: पत्रज, म्हणजे पानाच्या शिरांसारख्या रेषांची, ऐरिक (पाठभेदानं आहैरिक), अतिशय बारीक रेषांची, आणि बिंदुज, ठिपक्यांची. पेन-ड्रॉइंगच्या वर्गात आज जे क्रॉस हॅचिंग (आडव्यातिडव्या रेषांची छटाई) आणि स्टिपलिंग (ठिपक्यांची छटाई) म्हणून शिकवतात त्याचे हे जवळचे नातेवाईक. त्याच ग्रंथात म्हटलंय की आचार्य रेषेची वाखाणणी करतात, जाणकार वर्तनेची, स्त्रियांना दागिने हवे असतात आणि बाकीच्यांना रंगांची रेलचेल. (स्त्रियांवरचा शेरा त्या काळाला माफ.)

पण वर्तना म्हणजे छायाप्रकाश नव्हे. छायाप्रकाशात उजेड एका बाजूनं येतो आणि सावली दुसऱ्या बाजूला पडते, जमिनीवरही पडते. १ क्रमांकाच्या लेण्यात गाभाऱ्याच्या डाव्या अंगाचा पद्मपाणी बघा. नाकाचा दांडा, ओठ आणि हनुवटी यांवर उजळ ठिपके, कडेकडेनं गडदपणा वाढत गेलेला, भुवई एका ओढीत. उजेड कुठून येतोय हे विचारलंत तर उत्तर नाही, सावली कुठेच पडलेली नाही. उंचवटा तेवढा उजळ आणि उतार तेवढा गडद, एवढाच हिशोब. म्हणून ‘वर्तना’चा अर्थ ‘उठाव देण्यासाठीची छटाई’ असा लिहा, ‘छायाप्रकाश’ नको.

माजघर

मग चित्राखालची ओळ अशी ठरवू या: ‘पद्मपाणी, अजिंठा, लेणे क्र. १. भित्तिचित्र, मातीच्या गिलाव्यावर सरसमिश्रित रंग, इ. स. पाचव्या शतकाचा उत्तरार्ध.’ आणि ‘गुहा क्र. १’ असेल तिथे ‘लेणे’ करा. गुहा नैसर्गिक असते, लेणं खोदलेलं. त्याच न्यायानं भीमबेटकाला लेणी म्हणू नका, ते शैलाश्रय.

चुनकळी

ओळ ठीक आहे. कालपट करताना एक बघा. अजिंठ्याचे क्रमांक नालाकृती कड्यावरच्या जागेप्रमाणे दिलेले आहेत, काळाप्रमाणे नाहीत. त्यामुळे ९, १०, १२, १३ आणि १५-अ आधी लिहा, १ आणि २ त्यांच्यानंतर सुमारे पाच शतकांचं अंतर सोडून.